फेयोलनेच पूल ठेवला होता
निरोप साहेबांमार्फतच गेला पाहिजे, नाहीतर शिस्त मोडते, असं नेहमी म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. वरून खाली साहेबांची ही उतरंड मांडणाऱ्या फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री फेयोलनेच १९१६ साली त्यात एक पूल ठेवला होता. दोन खात्यांतल्या समान पातळीवरच्या माणसांनी थेट बोलावं, मात्र आपापल्या साहेबांच्या संमतीने आणि काय ठरलं ते त्यांना कळवून. हा दुसरा भाग सगळे सोयीस्कर विसरतात!

आमच्याकडे स्टोअर आणि प्रॉडक्शनमध्ये एकच भिंत. बेअरिंग संपत आल्याची मेल स्टोअरमधून सोमवारी निघाली, दोन साहेबांकडून फिरून फोरमनकडे गुरुवारी पोचली. वर शेरा फक्त 'माहितीसाठी'. मशीन बुधवारीच बंद पडलं होतं. आता स्टोअरवाला आणि फोरमन एकमेकांना थेट फोन करतात आणि साहेबांना मेलच्या सीसीत ठेवतात.