फिल्टर कॉफी: पूड आणि पाणी चमच्याने मोजावे की वजनाने?

प्रश्न
आमच्या घरी रोज सकाळी स्टीलच्या, दोन डब्यांच्या फिल्टरमध्ये कॉफी होते. पूड चिकमंगळूरची असते, कधी निव्वळ, तर कधी चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळाची पूड) मिसळलेली. वरच्या डब्यात पाच चमचे पूड घालून ती दाबणीने हलकेच सपाट करतो आणि उकळलेले पाणी ओततो. कृती रोज तीच असूनही डिकॉक्शन, म्हणजे खालच्या डब्यात उतरणारा कॉफीचा अर्क, एखाद्या दिवशी दाट व सुवासिक उतरते, तर एखाद्या दिवशी पातळ किंवा फार कडवट. चार जणांसाठी पूड आणि पाणी यांचे निश्चित प्रमाण कोणते, आणि त्यासाठी वजनकाटा खरोखर आवश्यक आहे का?

प्रतिसाद १
काटा अवश्य घ्यावा. चमच्याने फक्त आकारमान कळते, आणि कॉफीचे आकारमान फसवे असते. बी जितकी जास्त भाजावी तितकी ती फुगते आणि हलकी होते. शिवाय बारीक पूड चमच्यात दबून बसते, जाडसर पूड मोकळी राहते. त्यामुळे दोन वेगळ्या पुड्यांतील एकसारख्या दिसणाऱ्या चमच्यांत वजनाचा बराच फरक पडतो. पाणीही काट्यावरच मोजावे, कारण एक मिलिलिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. प्रमाणाचे म्हणाल तर अमेरिकेत १९५०च्या दशकात शास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी कॉफीवर केलेल्या अभ्यासापासून पुढे रुळलेले प्रमाण एक लिटर पाण्याला सुमारे ५५ ग्रॅम पूड असे आहे.

प्रतिसाद २
काट्याविषयी पूर्ण सहमत आहे. परंतु ५५ ग्रॅमचे प्रमाण बिनदुधाच्या कॉफीचे आहे. त्या प्रमाणाने केलेले डिकॉक्शन दुधात घातले, तर कॉफीची चवच लागणार नाही. आपल्या फिल्टरसाठी पुडीच्या पाचपट पाणी घेऊन सुरुवात करावी, म्हणजे चार जणांना ४० ग्रॅम पूड आणि २०० ग्रॅम पाणी. पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली सुमारे १२० ग्रॅम डिकॉक्शन उतरेल.

खालचा रिकामा डबा आधी तोलून ठेवावा आणि डिकॉक्शन उतरल्यावर पुन्हा तोलावा. या एका सवयीने फार उलगडा होतो. बराच वेळ थांबूनही ७०-८० ग्रॅमच उतरले असेल, तर पूड फार बारीक आहे किंवा दाबणी जोरात बसली आहे, आणि कडवटपणाचे कारण बहुधा तेच असते. पाणी पाच मिनिटांतच खाली गेले, तर पूड जाडसर आहे; पातळ डिकॉक्शन तेव्हा मिळते.

प्रतिसाद ३
चिकोरीचा मुद्दा राहून गेला. चिकोरीतील विरघळणारा अंश कॉफीपेक्षा बराच जास्त असतो आणि ती पाण्याने फुगून झिरपणे मंदावते; म्हणून चिकोरी मिसळलेले डिकॉक्शन गडद दिसले, तरी त्यात कॉफी कमीच असते. चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते आणि भारतातील नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. आपण निव्वळ आणि मिश्र पूड आलटून पालटून वापरत असाल, तर दोन्हींसाठी एकच प्रमाण चालणार नाही. महिनाभर एकच पूड ठेवावी, आणि प्रमाण बदलायचे तर पाणी २०० ग्रॅमच ठेवून पूड दोन-दोन ग्रॅमने कमी-अधिक करावी.

स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा ४० ग्रॅमसाठी पुरेसा आहे. एका कपाची, १५ ग्रॅमची काळी कॉफी करणाऱ्याने मात्र ०.१ ग्रॅमचा काटा घ्यावा, कारण तिथे एका ग्रॅमची चूक सहा-सात टक्क्यांची ठरते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोघांसाठीच करायची असल्यास याच फिल्टरमध्ये २० ग्रॅम पूड आणि १०० ग्रॅम पाणी चालेल का?

प्रतिसाद २
प्रमाण बरोबर आहे, पण मोठ्या डब्यात २० ग्रॅम पुडीचा थर फार पातळ बसतो आणि पाणी भरभर निघून जाते. दोघांसाठी लहान फिल्टर वेगळा ठेवावा. तो नसेल तर ४० ग्रॅमचेच डिकॉक्शन करून उरलेले झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे.