मदत हवी आहे: एडीएचडीची गोळी, पाळी आणि आता ओसी पिल्स (गर्भनिरोधक गोळ्या)

वय ३२, पुणे. मागच्या वर्षी एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास) निघालं, तेव्हापासून सकाळी त्याची गोळी मिथिलफेनिडेट घेतेय आणि एरवी छान चाललंय, म्हणजे आलेल्या मेलला त्याच दिवशी उत्तर जातं ही माझ्यासाठी मोठीच गोष्ट, पण पाळीच्या आधीचे पाच-सहा दिवस गोळी घेतली काय न घेतली काय. गॅसवर दूध ठेवून मी आतल्या खोलीत कपाट आवरत बसलेली. आधी वाटलं मनाचे खेळ, म्हणून गोळी लागली नाही त्या दिवशी कालनिर्णयवर लाल ठिपका द्यायला लागले (सासूबाईंना वाटलं दूधवाल्याचे खाडे). चार महिने ठिपके बरोब्बर पाळीच्या आधीच पडलेत.

आता नवीन भानगड. पीसीओएससाठी (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) गायनॅकनी दोन महिन्यांपूर्वी ओसी पिल्स दिल्या, २१ दिवसवाल्या. ठिपके कमी झालेत खरे, पण दुपारी चारची कॉफी घेतली की धडधड आणि रात्री दोनपर्यंत टक्क जागी. दोन गोळ्यांचं आपसात पटत नाहीये का? गायनॅक म्हणतात सायकियाट्रिस्टना विचारा, ते म्हणतात गायनॅकना. कोणाला अनुभव?

गोळीवाला: मी मेडिकलवाला, डॉक्टर नाही. पण मला संशय कॉफीचाच येतोय. पिल्समधलं इथिनिल एस्ट्राडिओल (बनवलेलं इस्ट्रोजेन हार्मोन) लिव्हरमधल्या कॅफीन मोडणाऱ्या एन्झाइमलाच मंद करतं. एरवी निम्मं कॅफीन उतरायला साधारण ५ तास, पिल्सवर जवळपास दुप्पट. म्हणजे तुमची चारची कॉफी रात्री दोनला अर्धी अंगातच. मिथिलफेनिडेट मोडणारं एन्झाइम वेगळं आहे, झोपेचं बिल आधी त्याच्या नावावर फाडू नका. बीपी मात्र मोजाच, दोन्ही गोळ्या ते वाढवू शकतात. छातीत दुखलं किंवा एकाच पायाला सूज आली तर इथे लिहीत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

डचवहिनी: ताई, ठिपके मनाचे खेळ नाहीत. इस्ट्रोजेन डोपामिनला (मेंदूतलं लक्ष टिकवायला लागणारं रसायन, आपली गोळीही तेच वाढवते) हात देतं आणि पाळीच्या आधी तेच घसरतं, मग तीच गोळी तोकडी पडते. इकडे नेदरलँड्समध्ये डॉक्टरांनी पाळीच्या आधीच्या आठवड्यात डोस वाढवून बघितला, २०२३ ला छापून आलंय, बायकांना बरं वाटलं. पण होत्या फक्त ९ जणी, आमच्या भिशीत याहून जास्त असतात! माझ्या डॉक्टरनी मला तसंच करून दिलं आणि मला फरक पडला, तरी प्लीज स्वतःच्या मनाने वाढवू नका, तुम्हाला आधीच धडधड आहे.

धागाकर्ती: दोघांचे आभार. तीन दिवस दुपारची कॉफी बंद केली, काल साडेअकराला झोपले चक्क. धडधड पूर्ण गेली नाहीये, शेजारच्या काकांच्या मशीनवर बीपी १३६/८८ आलं. गायनॅकची शनिवारची वेळ घेतलीये आणि कालनिर्णयचे फोटो दोन्ही डॉक्टरांना एकदमच पाठवलेत, मार्चच्या पानावर खरंच दुधाचा हिशोब पण आहे, तो वगळून वाचा म्हटलं.