भारताला माणसांचं अंतराळ स्थानक कशाला हवंय?

तर्कटराव: इस्रो २०३५ पर्यंत स्वतःचं स्थानक उभारणार, पहिला भाग २०२८ मध्ये. माझा विरोध. आंतरराष्ट्रीय स्थानकात २००० पासून सलग वस्ती आहे. तिथल्या मंडळींचे रोज दोनेक तास व्यायामात जातात, बाकी डागडुजी आहेच. कुणी ट्रेडमिलवर धावलं की हादरे बसतात, म्हणून ती कंपनरोधक बैठकीवर ठेवावी लागते. ज्या भारहीनतेसाठी हा खटाटोप, तीच माणूस बिघडवतो! स्फटिक वाढवायचेत ना? चीनने २०१६ मध्ये शीच्येन-१० पाठवली, तशी मानवरहित कुपी पाठवा.

झडपवाला: डागडुजी हाच तर प्रयोग आहे. लघवीपासून पाणी काढणारं यंत्र घ्या. फिरत्या पिंपात, कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन. ८५ टक्के पाणी परत मिळेल असा आराखडा होता, पण वर गेल्यावर यंत्र तुंबलं. भारहीनतेत हाडं झिजतात आणि त्यांचं कॅल्शियम लघवीत उतरतं. लघवी टिकावी म्हणून तीत सल्फ्युरिक आम्ल घालत. दोन्ही मिळून कॅल्शियम सल्फेट, म्हणजे चक्क जिप्सम, पिंपात साचलं. चाचणीतली लघवी जमिनीवरच्या माणसांची, तिच्यात एवढं कॅल्शियम कुठून येणार? मग ते साचू नये म्हणून पाण्याचा उतारा ७०-७५ टक्क्यांवर आणला, पुढे फॉस्फरिक आम्ल वापरलं. २०२३ मध्ये एकूण पाण्याचा पुनर्वापर ९८ टक्क्यांवर गेला. रोबोट पाठवून हे कळलं असतं? रोबोट मुतत नाही.

तर्कटराव: बरं, धडा मिळाला. त्यांनी फी भरली, आता आपण पुन्हा का भरायची?

कक्षा४००: कारण वही कोणी दाखवत नाही. गगनयानची जीवरक्षक यंत्रणा बाहेरून मिळेना, म्हणून इस्रोच ती बनवतंय. पण झडपवाले, त्या ९८ वर भाळू नका. माणशी दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, तो पाण्याच्या विद्युत अपघटनातून येतो. उरलेला हायड्रोजन श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडबरोबर साबातिए अभिक्रियेत घातला की पाणी आणि मिथेन. मिथेन बाहेर सोडतात, त्याबरोबर अर्धा हायड्रोजनही गेला. म्हणून पाणी वर न्यावंच लागतं.

तर्कटराव: हेच म्हणतोय! मिथेनचा प्रश्न बंगळुरूच्या प्रयोगशाळेतही सुटेल.

झडपवाला: मिथेनचा सुटेल, बुडबुड्याचा नाही. जमिनीवर पाण्यातला वायू आपसूक वर येतो. तिथे तो जिथल्या तिथे अडकतो. रशियाचं एलेक्ट्रॉन हे ऑक्सिजन यंत्र बुडबुड्यांपायीच वारंवार बंद पडायचं. काही सेकंदांच्या भारहीन विमानफेरीत महिनोन्‌महिने साचणारा बुडबुडा कसा पकडणार, तेवढं सांगा.