बायको मागे ठेवायची की सोबत न्यायची? (घरच्या ग्रुपवर)

दादा: इथे कॅनडात, लेमिंग्टनमध्ये, परत मेक्सिकोची माणसं आलीत, ग्रीनहाऊसच्या टोमॅटोला. जास्तीत जास्त आठ महिने काम, १५ डिसेंबरच्या आत परत. बायको आणायची सोय नाही.

नाना: मग बिनलग्नाचे घ्यावेत.

दादा: उलट आहे नाना. कॅनडाच्या या हंगामी शेतमजूर योजनेत मेक्सिको १९७४ पासून आहे, आणि तिकडचं सरकार निवडताना बायकापोरं असलेल्याला पसंती देत आलंय. घर मागे असलं की माणूस इथेच कायमचा राहत नाही.

आई: म्हणजे बायको गहाण.

मावशी: आमच्या धारूरकडं तर ऊसतोडीला बायको सोबतच लागते. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो कोयत्यावर, अन् कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी अर्धा कोयता. दिवाळीच्या सुमाराला दोघं कारखान्याला जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत. मागं म्हातारी अन् शाळेतली पोरं.

ताई: मग मागे राहणारी बाई नसतेच?

मावशी: असते की. शेजारची गेल्या साली पोटुशी होती म्हणून राहिली. नवरा एकटाच गेला. ही इकडं ज्वारीला पाणी द्यायला रात्री लाईट येईल तेव्हा उठायची, तसल्या पोटानं. शेरडं, सासूचं औषध, वरून थोरल्याची शाळा. पैसा लागला की नवऱ्याला फोन, नवरा मुकादमापुढं हात पसरणार. लोक म्हणायचे, यंदा घरी बसलीय.

ताई: बसलीय 😡

मावशी: अर्ध्या कोयत्यानं उचल काही फिटली नाही. राहिलेली यंदाच्या हिशोबात धरली. आता तान्हं घेऊन दोघं गेलेत.

दादा: शेतावर पीककर्ज नाही मिळत?

मावशी: सातबारा नवऱ्याच्या नावावर. सही त्याची लागते.

नाना: त्याला वाट आहे. लक्ष्मी मुक्ती योजना, १९९२ चं परिपत्रक. नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं.

मावशी: अर्ज कुणी करायचा?

नाना: नवऱ्यानं.

मावशी: घ्या. तो उसाच्या फडात.

आई: अहो, आपल्या सातबाऱ्यावर लागलंय का माझं नाव?

नाना: बघून सांगतो.

आई: ग्रुपवर नको. मी स्वयंपाकघरातच आहे, इथे येऊन सांगा.