रात्री फोन कुठे असतो?

मुलं फोनवर फार वेळ घालवत असतील तर फोन सरळ काढूनच घ्यावा, असा सल्ला दिला जातो; मी त्याच्याशी सहमत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी मित्रमैत्रिणी, अभ्यासाचे ग्रुप, सगळंच फोनवर असतं. काढून घेतला तर मुलं तो सोडत नाहीत, लपवायला शिकतात.

माझा सगळा भर रात्रीवर आहे. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप हवी, आणि वयात येताना झोप येण्याची वेळ मुळातच पुढे सरकते. त्यामुळे दहाला झोप येत नाही हा नुसता हट्ट नसतो. त्यात फोन उशाशी, एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू. एक कधी वाजतो कळत नाही. आमच्याकडे रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागतात. सगळ्यांचे, म्हणजे आम्हा दोघांचेही. गजरासाठी साधं घड्याळ आणलं. पहिले दोन आठवडे लेकीने अबोला धरला, तो सोसला.

मुलांच्या फोनवर वेळेची मर्यादा घालणारं गूगलचं फॅमिली लिंक ॲप किंवा आयफोनमधली तशीच स्क्रीन टाइम ही सोय जरूर लावा, पण मुलांच्या देखत, वेळ त्यांच्याशी बोलून ठरवून. चोरून मेसेज मात्र वाचू नका, कळकळीची विनंती. ते एकदा कळलं की उद्या कुणी ऑनलाइन धमकावलं, फोटो मागितले, तरी मूल आपल्याकडे येणार नाही. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. म्हणून लेकीला आधीच सांगून ठेवलंय, काहीही झालं तरी पहिल्यांदा मला सांग, त्यासाठी फोन काढून घेणार नाही.