अणुवीज सुरक्षित, मग जैतापूरला विरोध कशाला?

रंकाळाकाठ: कोकणात जैतापूरला होऊ घातलेल्या अणुवीज प्रकल्पावर काल एकानं पोस्ट टाकली, "चेर्नोबिल आठवा, जैतापूर गाडा." वाचून डोकं फिरलं. विजेच्या युनिटमागं मेलेली माणसं मोजली तर कोळसा अणुविजेपेक्षा शेकडो पटींनी घातक आहे. बहुतेकजण धुरानं मरतात, त्याची बातमी होत नाही. चासनाळ्याच्या खाणीत 1975 ला पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले, ते कुणाला आठवतंय? 2011 ला जपानात अठरा हजारांवर माणसं गेली ती भूकंप-त्सुनामीत, फुकुशिमाच्या अणुभट्टीनं नव्हे.

कोयनेची लेक: आणि फुकुशिमातनं घाईनं हलवलेली म्हातारीकोतारी? त्या हालात दोन हजारांवर गेली, ती कुठल्या रकान्यात? कोयनेचंही तेच. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणातल्या पाण्यानं झालेला भूकंप म्हणून जगभर त्याचा अभ्यास होतोय. आमचं गाव पाण्याखाली गेलं. बदल्यातल्या जमिनीच्या उताऱ्यासाठी वडील अजून हेलपाटे घालतात. युनिटमागं ते किती पडतात सांगा.

शिरोळचा ऊसवाला: शेतीची लाईट रात्री का, ते आधी बोला. माझा चुलतभाऊ रात्री एकला उसाला पाण्याची दारं धरायला गेला. मोटरच्या पेटीपाशी घोणस चावली. लस असलेल्या दवाखान्यात पोचेस्तोवर उजाडलं. गेला. त्याला कोळशात धरणार का पाण्यात?

रंकाळाकाठ: वाईट झालं, पण विषय अणुविजेचा आहे. साप काय भट्टीनं सोडला?

शिरोळचा ऊसवाला: तोंड सांभाळून. पंख्याखाली बसून आमची माणसं मोजू नका.

जुना वायरमन: विषय तोच आहे. कोळशाची भट्टी रोज रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. गाव झोपलं की मागणी पडते, मग ती वीज शेतीच्या फीडरवर, म्हणजे पंपांच्या वेगळ्या लाईनवर ढकलतात. अणुभट्टी तर दिवसरात्र एकाच दमानं चालवायची असते. म्हणजे जैतापूर झालं तरी रात्रपाळी शेतकऱ्याचीच. सौर फीडर दिवसाच चालतो, पंपाला तेच पाहिजे. खांबावर चढून जन्म गेलाय माझा, अंधारात उतरणाऱ्याचे हाल ठाऊक आहेत.

रंकाळाकाठ: आणि पावसाळ्यात, ढगात?

जुना वायरमन: जुलैत उसाला पाणी कोण पाजतंय, भावा?

कोयनेची लेक: पैशाचं पण बोला. जैतापूरला आणायची त्याच जातीची भट्टी फ्रान्सनं फ्लामानव्हिलला 2007 ला बांधायला घेतली, ग्रीडला जोडली 2024 च्या डिसेंबरात. खर्च तीन अब्ज युरोंवरनं तेरा अब्जांच्या घरात. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाची वीज परवडेना म्हणून वीज मंडळानं 2001 ला घेणं थांबवलं, ते विसरलात?

रंकाळाकाठ: पैशाचं मान्य, नाइलाजानं. पंपाचंही. पण इचलकरंजीचे माग रात्री सौरवर फिरवून दाखवा, आणि तोवर कोळशाचा धूर कुणाच्या फुफ्फुसात घालायचा तेही सांगा.

शिरोळचा ऊसवाला: आधी दिवसा लाईट द्या. मागाचं नंतर बघू.