रिव्हर्ब, स्विंग, साइडचेन: घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करताना मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

घरच्या लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी मराठीत टिपणं लिहायला घेतली आहेत. शिकायला येणारी मुलं दहावी-बारावीची, बहुतेक मराठी माध्यमातली. त्यांचे कान तयार आहेत. कुणी भजनी मंडळात पखवाज वाजवतं, कुणी ढोल-ताशा पथकात आहे. पण स्क्रीनवर रिव्हर्ब, डिले, क्वांटाइझ, साइडचेन असं काही दिसलं की बटण फिरवून बघतात आणि सोडून देतात. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून अर्थ पोचत नाही. परिभाषा कोशातले शब्द वापरले तर मुलं टिपणं मिटून ठेवतात.

वाजवणाऱ्यांच्या तोंडी असलेले शब्द हवे आहेत. शब्दासोबत त्या गोष्टीचा घरी उपयोग कसा करता हेही लिहिलंत तर फार बरं. सुरुवात रिव्हर्ब आणि डिलेपासून करू या, कारण मुलं या दोन्हींना ‘इको’च म्हणतात.

प्रतिसाद

मी एक पथ्य पाळतो: बटणाचं नाव आहे तसंच ठेवायचं, कानाला जे ऐकू येतं त्याला मराठी शब्द द्यायचा. सॉफ्टवेअर उघडल्यावर मुलांना ‘रिव्हर्ब’ हेच दिसणार आहे, ते बदलण्यात अर्थ नाही. पण ते वाढवल्यावर काय होतं हे सांगायला आपल्याकडे शब्दांची चणचण नाही.

नववीच्या विज्ञानात दोन्ही शब्द येतात: प्रतिध्वनी आणि निनाद. मूळ आवाजानंतर साधारण ०.१ सेकंदाने परतणारा आवाज कानाला वेगळा कळतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर भिंत निदान १७.२ मीटर लांब हवी. हा प्रतिध्वनी, म्हणजे आपला डिले. याहून जवळच्या अनेक भिंतींवरून आवाज परतत राहतो, एकात एक मिसळतो, सुटा ऐकू येत नाही, पण लगेच विरतही नाही. तो निनाद, म्हणजे रिव्हर्ब. मुलांनी हे शाळेत वाचलेलं असतं, त्याचा संगीताशी संबंध कुणी लावून दिलेला नसतो.

बोलण्यात मात्र मी निनादपेक्षा ‘घुमारा’ वापरतो. ‘आवाजाला घुमारा आहे’ हे गायकाबद्दलही म्हणतात आणि डग्ग्याबद्दलही. ‘व्होकलला थोडा घुमारा दे’ म्हटलं की मूल बरोबर बटणाकडे जातं.

आता करून बघायची गोष्ट. तयार रिव्हर्बवर थांबू नका, गावातली घुमणारी जागा उचलून आणा. जुनी बांधीव विहीर, रिकामी पाण्याची टाकी, चाळीचा जिना, देवळाचा गाभारा, काहीही चालेल. तिथे फोन ठेवून एक फुगा फोडा. तो फटका आणि त्यामागचं घुमणं पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्ड करा, मध्ये कुणी बोलू नका. ती फाइल कन्व्होल्यूशन रिव्हर्ब नावाच्या प्लगिनमध्ये (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकली की तुमचा कुठलाही आवाज त्या विहिरीत उभं राहून गायल्यासारखा घुमतो. असे फुकट प्लगिन मिळतात. फोनमधली आवाज आपोआप साफ करणारी सोय आधी बंद करा, नाहीतर ती नेमकं घुमणंच पुसून टाकते.

प्रतिसाद

घुमारा पटला. एक भर घालतो. गोव्यात ‘घुमट’ नावाचं मातीचं वाद्य आहे, २०१९ मध्ये ते राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. एका तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं असे, आता बकऱ्याचं असतं. दुसरं तोंड उघडं असतं. एका हाताने चामड्यावर थाप, दुसऱ्या हाताने ते उघडं तोंड झाकायचं-उघडायचं. त्यामुळे आतला आवाज कधी कोंडतो, कधी मोकळा होतो. सिंथेसायझरवर (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य) फिल्टरचं बटण हाताने हलवल्यावर हाच बदल ऐकू येतो. म्हणून कटऑफ, म्हणजे फिल्टर कुठून वरचे सूर कापतो ती मर्यादा, समजावताना मी ‘कोंडणं’ आणि ‘उघडणं’ म्हणतो. ‘लो-पास फिल्टर वीस टक्क्यांवर आण’ यापेक्षा ‘आवाज जरा कोंड’ हे कानाला लगेच कळतं.

प्रश्नकर्ता

कोंडणं-उघडणं घेतलं. डिलेला प्रतिध्वनीच ठेवू का? आणि त्याची वेळ मुलांना कशी शिकवावी? अंदाजाने फिरवतात आणि मग सगळा गलका होतो.

प्रतिसाद

प्रतिध्वनी ठीक आहे. वेळ मात्रांत सांगा, मिलिसेकंदात सांगू नका. मिनिटाला १२० मात्रा म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. डिले अर्ध्या मात्रेवर, २५० वर ठेवला तर तो दुगुणात बसतो आणि मूळ वादनात लपतो. पाऊण मात्रेवर, ३७५ वर ठेवला की उत्तरं सुरांच्या मधल्या फटींत पडतात आणि साधी चार सुरांची ओळ भरगच्च वाटते. पखवाज वाजवणाऱ्या मुलाला ‘पाऊण मात्रा’ सांगितलं की पुढे काही सांगावं लागत नाही. दुगुण, तिगुण, चौगुण हे सगळं त्याच्या हातात आधीपासून आहे.

प्रतिसाद

तबल्याच्या बाजूने लिहिते, कारण क्वांटाइझ आणि स्विंग या दोन शब्दांवर माझ्या विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त घोळ होतो.

क्वांटाइझ म्हणजे ‘मात्रेवर बसवणं’. ठोका पुढे-मागे पडला असेल तर यंत्र तो उचलून जवळच्या मात्रेवर किंवा मात्रेच्या भागावर ठेवतं. शब्द सोपा आहे, पण सोबत एक सांगायलाच हवं: बसवायचं किती, हे आपल्या हातात असतं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याची टक्केवारी असते. शंभर टक्के बसवलं की हात नाहीसा होतो. मी पन्नास-साठच्या आसपास थांबते, म्हणजे लय सुटत नाही आणि वाजवणारा माणूस ऐकू येत राहतो.

स्विंगला ‘झोका’ म्हणू नका, मुलं पूर्ण लय हलवायला जातात. स्विंगमध्ये मात्रा हलत नाही. मात्रेच्या मधला ठोका उशिरा पडतो. रॉजर लिन यांनी १९८० च्या सुमारास आपल्या ड्रम मशिनमध्ये हे आणलं आणि पुढे एमपीसी या तुकडे वाजवणाऱ्या यंत्रावर तीच पद्धत रुळली. मोजमाप असं: ५० टक्के म्हणजे मधला ठोका बरोबर मध्यावर, अगदी सरळ. ६६ टक्के म्हणजे मात्रेचे तीन भाग करून तिसऱ्यावर, तिश्र अंगाने. खरी मजा या दोहोंच्या मधे, ५४ ते ६० च्या आसपास आहे. आमच्याकडे याला ‘लय डुलते’ म्हणतात. सरळ लय आणि डुलती लय ही जोडी वापरा, चुकायला जागा राहत नाही.

तिसरा शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण तोच सगळ्यात कामाचा आहे: व्हेलॉसिटी. त्याला वेग म्हणायचं नाही. मिडीमध्ये (इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना सूचना देतात ती भाषा) प्रत्येक ठोक्याला १ ते १२७ असा आकडा असतो, तो सांगतो ठोका किती जोरात पडला. आमच्याकडे त्याला बोलाचं ‘वजन’ म्हणतात. हाय-हॅटचे (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) सोळा ठोके एकाच वजनाने टाकले की कान दोन आवर्तनांत थकतो. पहिल्याला १०५ द्या, मधल्यांना ४० ते ६०, आणि एखाद्याला २५ द्या, म्हणजे तो जेमतेम जाणवेल. तबल्यात ठळक बोलांच्या मधे जे हलके भरीचे बोल पडतात, तेच काम हा २५ चा ठोका करतो. लूप न बदलता जिवंत करायचा माझ्या माहितीतला सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे.

प्रतिसाद

तुम्ही ‘आवर्तन’ म्हणालात म्हणून विचारतो. लूपला आवर्तन म्हणावं का? माझं मत नाही. आवर्तनाला सम असते, खाली असते, त्यात कुठे आहोत हे कळतं. लूप म्हणजे नुसता पुन्हापुन्हा येणारा तुकडा.

प्रतिसाद

नुसता येत असेल तर ती करणाऱ्याची उणीव, शब्दाची नाही. सम ठेवून लूप करा, मग तो आवर्तनच होतो. आणि हा शब्द घेतला की एक युक्ती आपोआप सुचते. ड्रम तीनतालाच्या सोळा मात्रांवर ठेवा, बेसची (खर्जातल्या सुरांची) ओळ रूपकच्या सात मात्रांची करा, आणि दोन्ही एकदम सुरू करा. दोघांची सम पुन्हा एकत्र येते ११२ मात्रांनी. तोवर बेस दर वेळी ड्रमच्या वेगळ्या जागेवर पडतो, म्हणजे १२० च्या लयीत दोन छोट्या तुकड्यांत जवळजवळ मिनिटभराचं संगीत तयार होतं आणि कुठेही रटाळ वाटत नाही. ‘लूप’ म्हणून विचार केला तेव्हा माझे सगळे तुकडे चार-आठ-सोळाच व्हायचे.

ड्रॉपबद्दलही, म्हणजे चढणीनंतर सगळी वाद्यं एकदम आत येतात त्या जागेबद्दलही हेच. ड्रॉप म्हणजे समेवर येणं. त्याआधीच्या चढणीसाठी सगळे स्नेअर ड्रमचा तडतडाट वाढवत नेतात. त्याऐवजी तिहाई टाकून बघा. पाच ठोक्यांचा एक तुकडा तीनदा, मधे विसावा नाही, एकूण पंधरा ठोके. सोळा घरांच्या चौकटीत तिसऱ्या घरापासून सुरू केलंत की पंधरावा ठोका पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या घरावर पडतो. तिथेच किक (ड्रमसेटमधल्या मोठ्या ढोलाचा खर्जातला ठोका) आणि बेस आणा. ताल न शिकलेल्या माणसालाही दुसऱ्या फेरीत कळतं की काहीतरी येणार आहे.

प्रश्नकर्ता

ही तिहाई उद्याच मुलांकडून करून घेते. सॅम्पलला काय म्हणता? ‘नमुना’ लिहिलं आहे, पण समाधान नाही.

प्रतिसाद

सॅम्पल या एका शब्दात दोन गोष्टी आहेत आणि नमुना एकालाच लागतो. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, त्यातलं प्रत्येक मोजमाप हा नमुना. तिथे शब्द चपखल आहे. पण रेकॉर्ड केलेला आवाजाचा भाग कापून वाजवणं, याला नमुना म्हटलं की काही बोध होत नाही. त्याला ‘तुकडा’ म्हणा.

तुकड्यांपासून संगीत करायचा विचार कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये आगगाडीचे आवाज रेकॉर्ड करून रचना केली. त्यांचा घंटेचा प्रयोग मुलांना जरूर करायला लावा. घंटेच्या आवाजातला सुरुवातीचा आघात त्यांनी काढून टाकला, आणि उरलेला आवाज घंटेचा वाटेनासा झाला. घरी पितळी खलबत्ता घ्या. बत्त्याने कडेवर एकच ठोका द्या आणि फोन वीतभर अंतरावर धरून रेकॉर्ड करा. मग ठोक्याचा पहिला क्षण कापा आणि उरलेल्याची सुरुवात हळूच चढती करा. वेग निम्मा केला की सूर एक सप्तक खाली जातो आणि लांबी दुप्पट होते. खलबत्त्याचं नाव न सांगता कुणाला ऐकवा, ओळखणार नाही. वर विहिरीचा घुमारा दिलात तर सिंथेसायझरच्या तयार आवाजांकडे जायची गरज उरत नाही.

यातूनच एन्व्हलपचे (आवाज कसा उठतो, टिकतो आणि संपतो त्याचा आराखडा) चार शब्दही शिकवता येतात. मी अटॅकला उठाव, डिकेला उतार, सस्टेनला टिकाव आणि रिलीजला विरणं म्हणतो.

प्रतिसाद

टिकाव ठीक, पण विरण्यासाठी आपल्याकडे ‘आस’ आहे. तंबोऱ्याची आस. तार छेडून सोडल्यावरही जे कानात रेंगाळतं ते. रिलीज वाढवणं म्हणजे आस वाढवणं.

तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर जवारीही घ्या. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत नेला की एका जागी तार एकदम खुलते, तिच्यातले वरचे सूर झणझणू लागतात. दोरा केसभर पुढे गेला की ते बुजतात. सिंथेसायझरवर ड्रोन (तंबोऱ्यासारखा सतत चालणारा सूर) करायचा असेल तर हीच शोधाशोध करावी लागते. सॉ वेव्ह (वरच्या सुरांनी भरलेला आवाज) घ्या, फिल्टरचा रेझोनन्स (कटऑफजवळचे सूर ठळक करणारं बटण) वाढवा आणि कटऑफ अगदी सावकाश फिरवा. एकेक वरचा सूर आळीपाळीने पुढे येतो. दुसरा ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग) थोडासा हलवा: एक २२० हर्ट्झवर, दुसरा २२१ वर, की सेकंदाला एक आंदोलन मिळतं. दोन जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की जे ऐकू येतं तेच.

ग्लाइड किंवा स्लाइडला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याला, मात्र सरसकट मींड म्हणू नये असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. १९८१ च्या रोलंड टीबी-३०३ या बेस सिंथेसायझरची स्लाइड ठरलेल्या वेळात पुढच्या सुरावर पोचते, अंतर कितीही असो. मींड वाटेत रेंगाळते, मधल्या श्रुतीवर थबकते. वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत याच ३०३ वर आणि ८०८ ड्रम मशिनवर राग रेकॉर्ड केले, शिकागोत ॲसिड हाऊस हे नृत्यसंगीत उभं राहण्याआधी. त्यात ३०३ ची घसरण घसरणच राहते आणि रागाशी तिचं नातं नव्याने जुळतं, म्हणून ते इतकं ताजं वाटतं. खरी मींड हवी असेल तर पिच बेंडची (सूर वर-खाली वाकवायची सोय) मर्यादा दोन अर्धस्वरांवरून बारावर न्या आणि वक्ररेषा हाताने काढा. स्लाइडला ‘घसरण’ म्हणा, मींड मींडेसाठी राखून ठेवा.

प्रश्नकर्ता

घसरण आणि मींड वेगळे ठेवले. आता शेवटचा, साइडचेन. ‘बाजूची साखळी’ असं एका ठिकाणी वाचलं, त्यातून मला स्वतःलाच काही समजलं नाही.

प्रतिसाद

ते फक्त तारा कुठे जोडल्या याचं वर्णन आहे. ऐकू येतं ते असं: किक पडते त्या क्षणी बेस दबतो, किक सरली की पुन्हा वर येतो. म्हणजे बेस किकला ‘वाट देतो’. मी शिकवताना ‘बेसने वाट दिली पाहिजे’ एवढंच म्हणतो.

घरच्या छोट्या स्पीकरवर याची गरज जास्त, कारण खर्जातले दोन आवाज एकदम आले की स्पीकरला ते दोन्ही पेलत नाहीत. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) बेसवर लावा आणि त्याला किक ऐकवा. कॉम्प्रेसरचा रिलीज, म्हणजे दबलेला आवाज पुन्हा वर यायला लागणारा वेळ, मात्रेच्या हिशेबाने ठेवा: १२० च्या लयीत १५० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. फार लांब ठेवलंत तर बेस वर यायच्या आत पुढची किक येते आणि तो कायमचाच दबलेला राहतो. फार कमी ठेवलंत तर चिरका खडखडाट येतो. किकचा आवाज बंद करून, फक्त तिचा इशारा चालू ठेवून बेस ऐका. किक नसतानाही लय स्पष्ट कळली तर रिलीज बरोबर आहे.